समोरच्याची चाल

डाव मांडला की पटावर बत्तीस सोंगट्या असतात. नवशिक्याला त्यांतल्या सोळाच दिसतात, स्वतःच्या. आपला घोडा कुठे जाईल, उंट कुठवर पोहोचेल, वजीर कोणत्या घरातून शह देईल, याचा तो मनापासून विचार करतो. मग चाल करतो, आणि समोरचा खेळाडू हात पुढे करून त्याचा हत्ती उचलून पटाबाहेर ठेवतो. "अरे, हे दिसलंच नाही," नवशिक्या म्हणतो. तो खरेच बोलत असतो. त्याच्याकडे बुद्धी कमी नसते, विचार करण्याचा कंटाळाही नसतो. त्याने विचार केलेला असतो, पण फक्त आपल्या बाजूचा.

हे पुस्तक नवशिक्यांच्या चुकांविषयी आहे. अशा चुकांच्या याद्या पुष्कळ मिळतात: वजीर लवकर बाहेर काढू नका, एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नका, राजा मध्यभागी ठेवू नका. सगळ्या सूचना बरोबर आहेत, आणि मुले त्या पाठ म्हणूनही दाखवतात. तरी पटावर बसल्यावर तीच चूक पुन्हा होते. याचे कारण माझ्या मते एकच आहे. या साऱ्या चुका एकाच मुळातून निघतात: समोरच्या माणसालाही एक चाल असते, आणि ती तो स्वतःच्या फायद्यासाठी करणार असतो, ही गोष्ट नवशिक्याच्या विचारात अजून शिरलेली नसते. नियम म्हणून त्याला ती ठाऊक असते, सवय म्हणून नसते. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी या एकाच सवयीचा पाठपुरावा केला आहे.

एक डाव जवळून पाहू. शाळेच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत गेलात तर हा डाव कुठल्या ना कुठल्या पटावर चाललेला दिसेलच. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे चालवतो, काळाही तसेच करतो. पांढरा उंट सी४ वर आणतो. काळा वजिराच्या बाजूचा घोडा सी६ वर काढतो. आता पांढऱ्याचा वजीर एच५ वर येतो. काळ्याकडून खेळणाऱ्या मुलाचे डोळे चमकतात. समोरचा वजीर एवढ्या पुढे आलाय, आणि आपला दुसरा घोडा एफ६ वर गेला की त्या वजिरावर मारा! तो घोडा काढतो. पांढरा वजिराने एफ७ वरचे प्यादे मारतो आणि डाव चौथ्या चालीत संपतो, कारण त्या वजिराला सी४ च्या उंटाचा जोर आहे आणि राजाला जायला घर नाही.

या मुलाची चाल आळसातून आलेली नाही. घोडा बाहेर काढणे चांगले, वजिरावर मारा करणे चांगले, दोन्ही त्याने शिकलेलेच केले. फक्त वजीर एच५ वर आला तेव्हा "हा इथे का आला?" असे त्याने विचारले नाही. विचारले असते तर दोन उत्तरे मिळाली असती: ई५ चे प्यादे आणि एफ७ चे प्यादे. मग जी७ चे प्यादे एक घर पुढे सरकवून वजिराला हाकलता आले असते. वजीर एफ३ वर मागे गेला की पुन्हा एफ७ वर डोळा, आणि आता घोडा एफ६ वर आणला की तो मारा बंद. म्हणजे घोडा त्याच घरात जातो, पण एका चालीने उशिरा.

पांढऱ्याकडून खेळणाऱ्या मुलाचे काय झाले तेही पाहा. तो जिंकला, आनंदाने उड्या मारत बाहेर आला आणि पुढचे सहा महिने प्रत्येक डावात वजीर एच५ वर आणत राहिला. दोघांत जास्त नुकसान त्याचेच झाले असे मला वाटते. समोरचा चूक करील या भरवशावर तो खेळायला शिकला. ज्याला बचाव ठाऊक आहे असा खेळाडू भेटला की त्याचा वजीर पटभर पळत राहतो, आणि प्रत्येक पळण्याबरोबर समोरचा एकेक मोहरा बाहेर काढतो. वजीर लवकर काढू नये हा नियम इथून आला आहे. वजीर मौल्यवान आहे, म्हणून प्याद्याने किंवा घोड्याने डिवचले तरी त्याला हलावेच लागते.

म्हणून या पुस्तकात पहिल्यापासून एक शिस्त लावली आहे. समोरच्याने चाल केली की आधी तिच्याकडे पाहायचे: या सोंगटीने आता कशावर मारा केला, आणि जिथून ती उठली तिथे काय उघडे पडले? मग आपली चाल मनात ठरवायची, हात मागेच ठेवायचा, आणि विचारायचे: मी हे खेळलो तर तो शह कोणते देऊ शकतो, काय मारू शकतो, कसली धमकी देऊ शकतो? शेवटी आपला एखादा मोहरा बिनजोर राहतो आहे का, ते बघायचे. सुरुवातीला याला वेळ लागतो आणि मुलांना कंटाळा येतो. पण नवशिक्यांचे डाव सहसा एखाद्या खोल योजनेमुळे जात नाहीत, ते बिनजोर मोहऱ्यामुळे जातात. हा एक प्रश्न अंगवळणी पडला की खेळ जेवढा सुधारतो, तेवढा वर्षभर ओपनिंग घोकून सुधारत नाही.

'जोर' हा शब्द मराठी खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत आणि मी तोच ठेवला आहे. तसेच घर, पट्टी, वजिरावजिरी, मारामारी हेही. कॅसलिंगला किल्लेकोट म्हणणारेही आहेत, पण मुलांच्या तोंडी कॅसलिंगच असते, म्हणून इथेही तेच.

आता थोडे न दिसण्याविषयी. जाणकार खेळाडू दहा-दहा चाली पुढचे पाहतो आणि नवशिक्या एकच, असा समज सर्वत्र आहे. त्या समजापायी पालक मुलांना "अजून पुढचा विचार कर" असे सांगत राहतात. आद्रियान द ख्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ स्वतः उत्तम बुद्धिबळपटू होता, ऑलिम्पियाडमध्ये खेळलेला. त्याने आपल्या काळच्या श्रेष्ठ खेळाडूंना आणि साध्या क्लब-खेळाडूंना एकेक स्थिती दाखवली आणि मोठ्याने बोलत विचार करायला सांगितले. १९४६ च्या त्याच्या प्रबंधात निघालेला निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. श्रेष्ठ खेळाडू इतरांहून फार खोल किंवा फार जास्त चाली मोजत नव्हते. चांगली चाल त्यांच्या नजरेत आधी येत होती, एवढेच. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन या संशोधकांनी खेळाडूंना पटावरची स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली. खऱ्या डावातली स्थिती मास्टर सहज मांडत, नवशिक्यांना मोजक्याच सोंगट्या आठवत. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की मात्र मास्टरची सरशी जवळजवळ नाहीशी होई.

पहिलीतले मूल एकेक अक्षर लावून शब्द वाचते, मोठ्या माणसाला अख्खी ओळ एका नजरेत दिसते. पटाचेही तसेच आहे. जाणकाराला कॅसलिंग केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि एफ६ चा घोडा हे सगळे मिळून एक चित्र दिसते, आणि त्या चित्रात काय धोका असतो तेही त्याबरोबरच आठवते. नवशिक्याला पाच सुट्या सोंगट्या दिसतात. तेव्हा मुलाला "अजून विचार कर" म्हणून काही होत नाही. त्याला ओळखीची चित्रे पुरवावी लागतात, आणि ती शेकडो छोट्या कोड्यांतून, एक-दोन चालींच्या मातींतून, हळूहळू जमतात. रोज दहा-पंधरा सोपी कोडी, ही माझी शिफारस. अवघड नकोत. जी दहा सेकंदांत सुटायला हवीत आणि अजून सुटत नाहीत, तीच घ्यावीत.

ओळखीचे चित्र नसेल तर जगज्जेताही फसतो. नोव्हेंबर २००६ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात व्लादिमीर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या संगणक-प्रोग्रॅमशी खेळत होता. जगज्जेतेपद तेव्हा त्याच्याकडे होते. दुसऱ्या डावात काळ्याकडून खेळताना त्याने वजीर ई३ वर नेला, आणि संगणकाने वजीर एच७ वर ठेवून एका चालीत मात केली. एका चालीतली मात! त्यानंतर अनेक जाणकारांनी एक गोष्ट दाखवून दिली. एच७ वरच्या वजिराला जोर देणारा पांढरा घोडा एफ८ वर, म्हणजे काळ्याच्या शेवटच्या पट्टीवर होता. एच७ वर मात होते तेव्हा वजिराला जोर बहुधा दूरच्या उंटाचा किंवा जी५ वरच्या घोड्याचा असतो. एफ८ वरून दिलेला जोर हे चित्र हजारो डावांत एखाद्या वेळीच येते. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण 'दिसलं नाही' म्हणून ज्याला ओरडा बसतो त्या मुलाला हे कळायला हवे की न दिसणे हा गुन्हा नाही. पण प्रत्येक चालीला शह आणि मार तपासायची सवय पक्की असेल तर अनोळखी चित्रही पकडता येते.

काही चुका नजरेच्या नसतात, घरच्या नियमांच्या असतात. आजोबांकडून किंवा काकांकडून खेळ शिकलेली मुले येतात तेव्हा जुन्या देशी पद्धतीचे काही ना काही बरोबर घेऊन येतात. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. राजाला, शह बसला नसेल तर, डावात एकदा घोड्याची चाल करता येई. प्याद्याने मात करणे, प्यादेमात, हा मोठा मान समजला जाई. आजच्या मुलांत हे नियम सबंध उरलेले नाहीत, पण तुकडे उरले आहेत: "पहिला वजीर मेला असेल तरच दुसरा वजीर करता येतो" असे ठासून सांगणारी मुले आजही भेटतात. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे शेवटच्या पट्टीवर पोहोचले की आधीचा वजीर जिवंत असला तरी दुसरा करता येतो. समोरच्याचे प्यादे दोन घरे उडी मारून आपल्या प्याद्याच्या शेजारी आले तर ते लगेचच्या चालीत, एकच घर चालल्यासारखे, मारता येते. ही 'आँ पासाँ'ची चाल पहिल्यांदा अंगावर आली की मूल पंचांना बोलावून "याने फसवलं" म्हणून सांगते.

देशी नियमांवर वाढलेल्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय पटावर काय सोसावे लागते, याचे सगळ्यात मोठे उदाहरण मीर सुलतान खान. पंजाबातला हा माणूस सर उमर हयात खान यांच्याबरोबर १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही झाला. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. पण डावाची सुरुवात हे त्याचे कायमचे दुखणे राहिले. प्यादी दोन घरे चालतात त्या खेळात पहिल्या दहा चालींत काय काय होऊ शकते याची चित्रे त्याच्याकडे लहानपणापासून नव्हती. मधल्या डावात आणि अंतात मात्र तो भल्याभल्यांना भारी पडे. २०२४ मध्ये फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. सुलतान खानाची प्रतिभा सगळ्यांकडे नसते, म्हणून आपल्या मुलांनी नियम पहिल्या आठवड्यातच नीट शिकून घ्यावेत. पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर, वजीर आपल्या रंगाच्या घरात, हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते, कॅसलिंग करताना आधी राजाला हात लावायचा आणि एकाच हाताने करायचे. मोठ्या वेळेच्या डावात पहिली नियमबाह्य चाल झाली तर समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि दुसऱ्यांदा झाली तर डाव जातो. जिंकत आलेला डाव असा गमावणारी मुले दर स्पर्धेत रडताना दिसतात.

सुरुवातीच्या चालींबद्दल मी फार लिहिलेले नाही. मध्यभागी एक-दोन प्यादी, दोन्ही घोडे आणि दोन्ही उंट बाहेर, राजा कॅसल करून कोपऱ्यात, हत्ती एकमेकांना जोडलेले. पहिले वर्षभर एवढे पुरते. कडेचे प्यादे ढकलून तिथून हत्ती बाहेर काढायचा प्रयत्न सगळेच नवशिके करतात. दोन डाव हरले की आपोआप सोडतात.

गुणांच्या हिशेबावर मात्र थांबायला हवे, कारण ही चूक हुशार मुलांची आहे. वजिराला नऊ, हत्तीला पाच, उंट आणि घोड्याला तीन-तीन, प्याद्याला एक, असा हिशेब पहिल्याच दिवशी शिकवला जातो. तो उपयोगी आहे. पण आकडा हातात आला की मुले पटाऐवजी आकडाच खेळतात. पुढची चूक मी जवळजवळ प्रत्येक वर्गात पाहतो. दोन्ही बाजूंची राजाची प्यादी पुढे, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, उंट सी४ वर, कॅसलिंग झालेले. काळ्याचे घोडे सी६ आणि एफ६ वर, उंट सी५ वर. पांढरा घोडा जी५ वर उडवतो, काळा कॅसल करतो. मग पांढरा घोड्याने एफ७ मारतो, हत्तीने घोडा मारला की उंटाने हत्ती मारतो, राजा उंट मारतो. "सहा दिले, सहा घेतले, सर, बरोबरी," असे मूल सांगते. घोडा आणि उंट मिळून सहा, हत्ती आणि प्यादे मिळून सहा. बेरीज चुकलेली नाही.

आता पटाकडे पाहा. पांढऱ्याने घोड्याच्या तीन चाली केल्या आणि उंटाच्या दोन. पाच चाली खर्चून जे दोन मोहरे बाहेर आणले, तेच मेले. उरलेला घोडा, उरलेला उंट, वजीर आणि वजिराच्या बाजूचा हत्ती सगळे जागच्या जागी आहेत. काळ्याचे तीन मोहरे बाहेर येऊन उभे आहेत आणि आता चाल पांढऱ्याची असली तरी खेळात माणसे काळ्याचीच आहेत. हत्तीला उघडी पट्टी लागते, ती मिळेपर्यंत डावाचा मध्य येतो. तोवर दोन मोहरे एकट्या हत्तीपेक्षा खूप जास्त काम करतात. हिशेब बेरजेचा नाही, कोण कामावर आहे त्याचा आहे.

याच लोभाचे जुने उदाहरण अठराव्या शतकातल्या पॅरिसमधून आले आहे. लेगाल हा त्या काळच्या नामांकित खेळाडू फिलिडोरचा गुरू. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सापळ्यात पांढरा घोडा उचलतो आणि मागे उभा असलेला वजीर काळ्याच्या उंटासमोर उघडा टाकतो. काळा वजीर मारतो, कारण नऊ गुण. मग एक उंट आणि दोन घोडे मिळून काळ्या राजाला मात करतात. हा डाव मुलांना दाखवला की वर्गात आनंदाचा कल्लोळ होतो. मी तो दाखवून झाला की काळ्याच्या बाजूने पुन्हा मांडतो, आणि ज्या चालीला वजीर फुकट मिळाला त्या चालीपाशी थांबतो. फुकट मिळते आहे तिथे एक क्षण थांबून "तो हे मला का देतो आहे?" असे विचारायला शिकवण्यासाठी याहून चांगला डाव मला माहीत नाही.

शह देण्याच्या मोहाविषयी दोन शब्द. "शह!" म्हणण्यात एक गंमत आहे आणि ती मुलांची कुणी हिरावून घेऊ नये. पण शह दिल्याने समोरच्या राजाला बहुतेक वेळा अधिक चांगले घर मिळते, किंवा समोरचा एखादा मोहरा पुढे घालून शह मोडतो आणि त्याच चालीत तो मोहरा बाहेर येतो. शह देण्याआधी तो राजा कुठे जाईल हे बघून मगच शह द्यायचा.

आता या पुस्तकाच्या मांडणीबद्दल, कारण काही पालकांना ती उलटी वाटेल. पहिली चार प्रकरणे डावाच्या अंताची आहेत. पटावर तीन-चार सोंगट्या, दोन राजे, एखादे प्यादे. कापाब्लांकाने १९२१ साली 'चेस फंडामेंटल्स' लिहिले तेव्हा तोही सोप्या माती आणि प्याद्यांच्या अंतापासूनच सुरू झाला होता. यामागे साधे कारण आहे. सोंगट्या कमी असल्या की समोरच्याची चाल दिसते. पटावर बत्तीस सोंगट्या असताना ज्या मुलाला प्रतिस्पर्ध्याचा विचार करता येत नाही, त्याला दोन राजे आणि एक प्यादे दिल्यावर तो करता येतो, कारण तिथे दुसरे काही पाहायलाच नसते.

पहिला धडा एकट्या राजाविरुद्ध राजा आणि वजिराचा आहे. बहुतेक नवशिक्यांनी हा डाव कधी ना कधी बरोबरीत सोडलेला असतो. काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात आहे, पांढरा उत्साहाने वजीर बी६ वर ठेवतो. शह नाही, आणि राजाला जायला ए७, बी७, बी८ यांपैकी एकही घर नाही. स्टेलमेट, बरोबरी, आणि एवढा मोठा विजय हातातून गेला. उपाय सोपा आहे. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीइतका दूर ठेवत राहायचा. राजा जिकडे सरकेल तसा वजीर सरकवायचा. राजा कडेच्या पट्टीला लागला की त्या पट्टीवर त्याला दोन घरे फिरायला मोकळी ठेवून वजीर थांबवायचा आणि आपला राजा चालवत जवळ आणायचा. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या चालीवर वजीर ठेवणे म्हणजेच स्टेलमेट, हे मुलांनी स्वतः पटावर मांडून पाहावे. समोरच्याला चाल उरते का, हा प्रश्न इथे इतका नागडा समोर येतो की तो टाळताच येत नाही.

अंत हा म्हाताऱ्या उस्तादांचा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी १२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरचा डाव पाहावा. जगज्जेतेपदाची लढत, चौदावा आणि शेवटचा डाव, गुण बरोबरीत. डिंग लिरेन पांढऱ्याकडून एका प्याद्याने मागे होता, पण दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट होता आणि बरोबरी हातात होती. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर ठेवून हत्तींची अदलाबदल देऊ केली. ती झाल्यावर उंटांचीही अदलाबदल टाळता आली नाही, कारण त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात अडकला होता. उरला राजा आणि प्याद्यांचा अंत, आणि तो हरलेला होता. अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला तो अशा स्थितीच्या ज्ञानावर, जिची बाराखडी नवशिक्याच्या पुस्तकात पहिल्या काही पानांवर असते: राजासमोर राजा, मध्ये एक घर, आणि चाल कुणाची.

पालकांशी थोडे बोलायचे आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयातूनच ती ग्रँडमास्टर झाली. त्याआधी २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारताने दोन्ही सुवर्णपदके मिळवली. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता, महिला संघात दिव्या, आणि त्या संघाचा कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे. आपल्या मुलांनी ही नावे ऐकून पटावर बसावे यासारखे दुसरे सुख नाही. पण त्याबरोबर एक घाईही आली आहे. सहा वर्षांच्या मुलाला सिसिलियनच्या पंधरा चाली पाठ असतात आणि सोळाव्या चालीला तो वजीर बिनजोर ठेवतो. समोरच्याने तिसऱ्याच चालीला पुस्तकाबाहेरचे काही खेळले की तो गोंधळतो, कारण आधीच्या दोन चाली कशासाठी होत्या हे त्याला कुणी सांगितलेले नसते. रेटिंग किती झाले, हा प्रश्न सभागृहाबाहेर उभे असलेले आईवडील डाव संपताच विचारतात. त्याऐवजी "कुठल्या चालीला अडलास?" असे विचारावे. त्याचे उत्तर द्यायला मुलाला डाव आठवावा लागतो, आणि डाव आठवणे हाच मोठा अभ्यास आहे.

फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळण्याला माझा सरसकट विरोध नाही. जाणकाराला त्यातून सराव मिळतो. पण ज्याची सवय अजून बसलेली नाही त्याची चुकीची सवय त्यातून पक्की होते: समोरच्याची चाल न बघता आपली ठरवलेली चाल खेळून टाकणे. तीन मिनिटांत चाळीस चाली करायच्या तर प्रश्न विचारायला सवड कुठून येणार? आठवड्यात निदान दोन डाव लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पटावर, समोर माणूस बसवून, अर्ध्या-पाऊण तासाचे खेळावेत. समोर माणूस असला की तो कुठे पाहतो, कुठल्या चालीला थबकतो, हे दिसते. पडद्यावर समोरचा खेळाडू म्हणजे नुसते एक नाव असते.

आणि प्रत्येक डाव लिहावा. मोठ्या वेळेच्या स्पर्धेत लिहिणे बंधनकारक आहेच. घरीही वहीत लिहावा. डाव संपल्यावर समोरच्याबरोबर बसून तो परत मांडावा. आपण जिथे "तो आता मरणार" असे समजत होतो तिथे तो काय विचार करत होता, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. वीस मिनिटांची ही चर्चा कित्येक तासांच्या एकट्याच्या अभ्यासापेक्षा मला मोलाची वाटते. संगणकाचे इंजिन सगळ्यात शेवटी लावावे. आपण कुठे चुकलो हे ते अचूक सांगते, पण त्या क्षणी आपण काय पाहत होतो आणि काय पाहत नव्हतो, हे त्याला माहीत नसते. आधी वहीत आपल्या हाताने लिहावे: या चालीला मी हे पाहिले, हे पाहिले नाही. मग इंजिन.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या स्थिती अशाच वह्यांतून निवडल्या आहेत, आणि त्या सगळ्या चूक होण्याच्या एक चाल आधीच्या आहेत. प्रत्येकीखाली समोरच्याची नुकतीच झालेली चाल छापली आहे. आधी ती चाल का केली असेल ते एका ओळीत लिहावे, आपली चाल नंतर शोधावी. पहिल्या भागातल्या कोड्यांची उत्तरे मुद्दाम दिलेली नाहीत; ती पट मांडून, शक्यतो दोघांनी मिळून शोधावीत.